दीप्तीच्या कानात बसलेला मी

मी इअरपीस बोलतोय. हरभऱ्याच्या घाट्याएवढा जीव, रंग काळा, मुक्काम माणसाच्या कानात. आजवर मी भरपूर बोललो, पण ते सगळं दुसऱ्याचं. कोणीतरी लांबून सांगायचं आणि मी ते कानात सोडायचं, एवढंच माझं काम. आज कोणीच काही सांगत नाहीये, तेव्हा म्हटलं, थोडं स्वतःचं बोलून घ्यावं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. एका सरकत्या पट्ट्यावर आम्ही शेकडो भावंडं ओळीनं पडलो होतो आणि कोणाचंच बारसं झालं नाही. माझी बरीच भावंडं व्यायाम करणाऱ्यांच्या कानात गेली आणि गाणी गात सुटली. मलाही तीच आशा होती. पण माझं खोकं कॅनडात, कॅल्गरीला, एका संस्थेच्या टेबलावर उघडलं आणि गाण्याचा विषय तिथेच संपला.

ही संस्था माणसं तयार करते. कसली माणसं, तर ज्या घरात लहान मूल आहे आणि आईबापांना त्याच्याबद्दल काही काळजी आहे, अशा घरी जाऊन मदत करणारी. त्यांना इथे होम व्हिजिटर म्हणतात. पूर्वी शिकाऊ बाईबरोबर तिची शिक्षिकाही त्या घरी जायची. मग एवढ्याशा दिवाणखान्यात दोन-दोन परक्या बायका बघून मूल सोफ्यामागे दडायचं, ते त्या गेल्यावरच बाहेर यायचं. म्हणून ही नवी सोय निघाली. आईबापांची परवानगी घेऊन कोपऱ्यात एक टॅबलेट उभा करायचा. शिक्षिका आपल्या ऑफिसात बसून त्यावर सगळं बघणार, ऐकणार, आणि काही सुचवायचं असेल तर माझ्यातून शिकाऊ बाईच्या कानात सांगणार. घरातल्यांना ते ऐकू येत नाही.

काम प्रतिष्ठेचं आहे. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

मी बऱ्याच कानांत राहिलो. एक गृहस्थ होते, ते शिक्षिकेच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवायचे. समोरच्या आईला वाटायचं, आपल्यालाच होकार मिळतोय. एक मुलगी होती, ती मला मोठ्यानं उत्तरं द्यायची. कोणी आपल्या आजारपणाचं रडगाणं सांगत असलं की ही मध्येच म्हणणार, "ओके, ग्रेट!" तिनेच मला एकदा जीन्सच्या खिशात विसरून वॉशिंग मशीनमध्ये फिरवून आणलं. मग तांदळाच्या डब्यात पडून मी वाळलो. तेव्हापासून माझ्या आवाजात थोडी खरखर आहे. शिवाय इथली थंडी. उणे तीसमध्ये बसस्टॉपवर उभं राहिलं की माझी बॅटरी मान टाकते. एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडून द्यायची कला तर सगळ्यांनाच येते, त्याबद्दल कोणा एकाला नावं ठेवत नाही.

मग मी दीप्ती मेश्रामकडे आलो.

दीप्ती नागपूरची. समाजकार्य शिकलेली आणि तिथल्या वस्त्यांमध्ये बालवाड्या चालवलेली. नवरा हर्षवर्धन नोकरीनिमित्त कॅल्गरीला आला, तशी तीही आली. तिच्या नागपूरच्या कामाला इथे कोणी विचारेना. डेकेअरमध्ये लंगोट बदलत काही वर्षं काढल्यावर तिने या प्रशिक्षणाला अप्लाय केलं. रविवारी ती मला पर्समध्ये विसरायची, त्यामुळे तिचं दुसरं रूपही मला माहीत आहे. आंबेडकर असोसिएशनच्या कार्यक्रमात ती माइक हातात घेऊन खणखणीत बोलायची. तीच दीप्ती कोणाच्या घरात शिरली की आवाज दोन पट्ट्या खाली आणून बोलायची. दोन्ही आवाज मी ऐकलेत, म्हणून सांगतो.

तिची शिक्षिका लॅरिसा. तिचे पणजोबा युक्रेनहून येऊन अल्बर्टात गहू पिकवायला लागले, हे ती प्रत्येक शिकाऊ माणसाला पहिल्याच दिवशी सांगते. तिला मराठीचं अक्षरही येत नाही.

आता मूळ गोष्ट. नीलिमा नावाच्या आईनं संस्थेला फोन केला होता. ती पुण्याची, आयटीतली, नवरा देवेश तेलकंपनीत इंजिनिअर. त्यांची मुलगी ऊर्मी अडीच वर्षांची. डेकेअरवाले म्हणत होते, पोरगी कोणाचं ऐकत नाही, हाक मारली तर ढिम्म बसून राहते, हट्टी आहे. नीलिमाला वेगळीच भीती होती, आणि ती तिला शब्दांत सांगता येत नव्हती. भेटींनंतर सगळं ठीक आहे असा दीप्तीचा अहवाल गेला असता तर ऊर्मीला पुन्हा तपासायची वेळ थेट पुढच्या वर्षी आली असती. बोलायला शिकायचं वय काही पुढच्या वर्षापर्यंत थांबत नाही.

पहिल्या भेटीला दारातच बुटांवरचा बर्फ झटकत दीप्तीनं नमस्कार केला. मराठी बाई आली म्हणून घरात आनंदीआनंद. नीलिमाच्या सासूबाई, शोभाकाकू, पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी पोहे केले होते.

"नागपूरच्या का? वा! आडनाव काय म्हणालात?"

"मेश्राम."

"अच्छा, अच्छा," शोभाकाकू म्हणाल्या आणि पोह्यांवर आणखी खोबरं घालू लागल्या.

मी दीप्तीच्या कानात होतो. कान एकदम गरम झाला. मला आडनाव नाही, त्यामुळे यात गरम होण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. ते रात्रीच्या जेवणाला ती हर्षवर्धनशी बोलत होती तेव्हा उमगलं. ती म्हणाली, "आडनाव विचारलं ना, की मी जरा जास्तच गोड वागायला लागते. सवयच लागलीय."

त्या दिवशी ती गोडच वागली. शोभाकाकूंनी ऊर्मीला समोर उभं केलं. अंगात नवा फ्रॉक, केसांना दोन क्लिपा.

"ऊर्मी, मावशीला दाखव, नाक कुठंय?" ऊर्मीनं नाकाला बोट लावलं. "कान कुठंय? शाब्बास! आता मावशीला गाणं म्हणून दाखव." ऊर्मीनं हातवाऱ्यांसकट एक इंग्रजी बालगीत म्हटलं. शब्द जरा बोबडे होते, पण चाल अगदी बरोबर. "घरातल्या टॅबलेटला नाक लावून, आवाज मोठा करून ऐकत बसते," काकू कौतुकानं म्हणाल्या.

"किती हुशार आहे हो!" दीप्ती म्हणाली. मग नीलिमानं पाण्याचा पेला पुढे केला, ऊर्मी "पा" म्हणाली, आणि दीप्तीनं कोपऱ्यातल्या टॅबलेटकडे वळून लॅरिसाला सांगितलं, "शी आस्क्ड फॉर वॉटर."

मागितलं बिगितलं काही नव्हतं. पेला आधी आला होता. पण लॅरिसाला मराठी कळत नाही. ती माझ्यातून खूश होऊन म्हणाली, "लव्हली! लॉट्स ऑफ वर्ड्स!" मी तेही इमानेइतबारे कानात सोडलं.

नीलिमा मात्र खूश दिसली नाही. दाराशी बूट घालणाऱ्या दीप्तीला ती हळूच म्हणाली, "पाहुणे आले की ती छान करते हो. पण एकटी असताना मी तिच्याशी बोलते ना, तेव्हा वाटतं की भिंतीशी बोलतेय." दीप्ती म्हणाली, "होईल हळूहळू," आणि बस गाठायला निघाली. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत राहिली. काहीतरी खटकत होतं.

दोन दिवसांनी ऑफिसात दोघी त्या भेटीचं चित्रण बघत बसल्या. लॅरिसानं मध्येच ते थांबवलं.

"दीप्ती, समबडी ऑलवेज आस्क्ड हर फर्स्ट. डिड शी टेल यू एनीथिंग ऑन हर ओन?" म्हणजे विचारल्याशिवाय, आपणहून, ही पोरगी काही बोलली का?

दीप्तीनं पुन्हा बघितलं. मग चेहरा ओढून म्हणाली, "नो. आणि ते पाणी... शी डिडन्ट आस्क. मी जास्तीचं सांगितलं. आमच्याकडे पाहुणे आले की मुलांना सगळं करून दाखवायला लावतात. पाहुण्यानं वाहवा करायची असते. आय वॉज बीइंग अ गुड गेस्ट." हे ती अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत बोलली, पण लॅरिसाला पोचलं. ती हसली. तिची आजीही तिला चर्चच्या हॉलमध्ये खुर्चीवर उभं करून नाचायला लावायची म्हणे, आणि सगळा हॉल टाळ्या वाजवायचा.

"नेक्स्ट टाइम," लॅरिसा म्हणाली, "नो शो. वुई वेट." म्हणजे करून दाखवणं बंद, आपण नुसतं थांबायचं.

दुसरी भेट. बाहेर चिनूकचे, म्हणजे इथे भर हिवाळ्यात मध्येच येणारे गरम वारे सुटलेले, छपरांवरून पाणी ठिबकत होतं. ऊर्मी गालिच्यावर आमच्याकडे पाठ करून ब्लॉक रचत बसली होती. तिचं नाक जरा वाहत होतं. हिवाळाभर ते वाहतच होतं म्हणे.

"वेट," लॅरिसा माझ्यातून म्हणाली. "डोन्ट फिल इट." म्हणजे थांब, ही शांतता बोलून भरून काढू नकोस.

मराठी घरात पाहुणा बसलाय आणि कोणी बोलत नाही, हे किती अवघड आहे ते मी त्या दिवशी पाहिलं. आधी शोभाकाकूंना राहवेना. "चहा टाकू?" मग नीलिमाला. "ऊर्मी, मावशीला ब्लॉक दाखव ना." मग खुद्द दीप्तीला. "छान आहेत हो ब्लॉक. कुठून घेतले?" प्रत्येक वेळी लॅरिसा आपली कानात, "वेट." मी तर तोच शब्द सांगून कंटाळलो.

शेवटी दीप्ती म्हणाली, "काकू, नीलिमा, एक विनंती आहे. थोडा वेळ आपण तिघीही गप्प बसू या. तिला काही विचारायचं नाही, काही करायला सांगायचं नाही."

"म्हणजे मौनव्रतच की," शोभाकाकू म्हणाल्या.

"थोडंसं."

मग घर खरोखरच गप्प झालं. घर तापवणाऱ्या फर्नेसची घरघर तेवढी ऐकू येत होती. पण काकूंना हातावर हात ठेवून बसणं माहीत नव्हतं. त्या उठल्या, पावलांचा आवाज न करता मागच्या टेबलाशी गेल्या आणि पाहुणीसाठी बिस्किटांचा पुडा फोडला. त्या शांततेत तो कागद केवढ्यांदा वाजला! नीलिमानं वळून पाहिलं. दीप्तीनं वळून पाहिलं. ऊर्मीनं पाहिलं नाही. ती लाल ब्लॉकवर निळा ब्लॉक ठेवत राहिली.

"अगं, हिच्या आवडीची आहेत," काकू पुटपुटल्या. "एरवी पुडा दिसला की पळत येते."

"दिसला की," नीलिमा म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "आई, ती बघून येते. आवाजानं नाही येत."

नीलिमा उठून ऊर्मीच्या मागे उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ऊर्मी." काही नाही. थोडं मोठ्यानं, "ऊर्मी." काही नाही. मग तिनं जवळजवळ ओरडून हाक मारली, तेव्हा ऊर्मी दचकून वळली आणि आईचा चेहरा बघून आधी घाबरली, मग हसली.

माझा धंदा ऐकवण्याचा. ऐकू न येणं मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

काय झालं ते लॅरिसाला भाषा न येताही समजलं. "नाऊ, जेंटली," ती माझ्यातून म्हणाली. "स्टार्ट विथ 'आय वंडर'." हे या प्रशिक्षणातलं ठरलेलं वाक्य आहे. आईबाप घाबरू नयेत म्हणून थेट न सांगता 'मी विचार करत होते, असं असेल का' अशी सुरुवात करायची. इंग्रजीत ते बरं वाटतं. दीप्तीनं ते मनातल्या मनात मराठीत करून पाहिलं असावं, कारण तिचे ओठ हलले आणि थांबले. मग तिनं मला कानातून काढलं आणि चहाच्या बशीशेजारी ठेवून दिलं.

बशीशेजारून मी ऐकत होतो. माझ्या पोटात लॅरिसा बारीक आवाजात विचारत होती, "दीप्ती? कॅन यू हिअर मी?"

"नीलिमा," दीप्ती म्हणाली, आणि हा तिचा रविवारचा आवाज होता, "मला वाटतं, ऊर्मीला नीट ऐकू येत नाहीये. किती येत नाही, का येत नाही, ते मी सांगू शकत नाही. पण तिचे कान तपासायला हवेत, आणि लवकर."

शोभाकाकू पुडा हातात धरून तशाच उभ्या. "असं कसं म्हणता हो? मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात ना, किती हुशार! गाणी म्हणते ती. ऐकू न येणारी मुलगी गाणी म्हणेल का?"

"म्हणाले होते, काकू. ते चुकलंच माझं. तुम्ही इतक्या कौतुकानं दाखवत होतात, मला नाही म्हणवेना. पण ती हुशार आहे हे खोटं नाही. नाक कुठंय विचारताना तुम्ही नकळत स्वतःच्या नाकाला हात लावता, ते बघून ती दाखवते. तुमच्या टॅबलेटला नाक लावून, आवाज मोठा करून गाणी शिकलीय. आपल्या सगळ्यांना फसवण्याइतकी हुशार आहे ती."

"आमच्या घराण्यात असलं कोणाला नाही."

"घराण्याचा संबंधच नसेल कदाचित. सतत सर्दी झाली तरी मुलांच्या कानात पाणी साठतं. त्यावर इलाज असतो. पण आधी बघायला तर हवं."

नीलिमा खाली बसली होती. ऊर्मी तिच्या मांडीवर चढून तिच्या गालाला ब्लॉक लावत होती. "मी मारलं तिला," नीलिमा म्हणाली. "मागच्या आठवड्यात. डेकेअरची पुन्हा कम्प्लेंट आली. मी हाका मारत होते आणि ही बघेचना. ऐकत नाहीस म्हणून मारलं मी तिला." आणि ती रडायला लागली.

दीप्तीही सोफ्यावरून उतरून गालिच्यावर बसली आणि तिनं नीलिमाच्या पाठीवर हात ठेवला. या वेळी तिला 'वेट' सांगायला मी कानात नव्हतो. मग शोभाकाकूही पुडा टेबलावर ठेवून गुडघे धरत खाली बसल्या. "मीही ओरडलेय पोरीवर," त्या म्हणाल्या. "रोज ओरडलेय."

बसस्टॉपवर दीप्तीनं मला परत कानात घातलं. भेट तिच्या मूल्यमापनाचा भाग होती आणि शिक्षिकेचा आवाज भर भेटीत काढून ठेवणं म्हणजे नापास व्हायला पुरेसं कारण.

"लॅरिसा, आय टुक यू आउट. आय नो," ती म्हणाली.

"आय डिडन्ट अंडरस्टँड अ वर्ड," लॅरिसा म्हणाली. "बट आय सॉ द मदर. व्हॉट डिड यू टेल हर?"

दीप्तीनं सगळं सांगितलं, पहिल्या भेटीतल्या पाण्याच्या पेल्यापासून. लॅरिसा म्हणाली की गाणं ऐकल्यावर तीही खूश होऊन बसली होती, तिनंही पुढं काही बघितलं नव्हतं. आणि अहवाल आत्ताच्या आत्ता लिहू या, बस यायच्या आधी. दीप्ती त्या प्रशिक्षणात पास झाली. त्याचं मी फार कौतुक सांगत नाही, कारण मला त्यापेक्षा ऊर्मीचं काय झालं ते सांगायचंय.

इथे स्पेशालिस्टकडे नंबर लागायला वेळ जातो. बर्फ वितळला, गवत हिरवं झालं, तेव्हा कुठे तपासणी झाली. दोन्ही कानांत पडद्यामागे चिकट पाणी साठलेलं. नदीत बुडी मारल्यावर काठावरचं बोलणं जसं येतं, तसं तिला जग ऐकू येत होतं. उन्हाळ्यात एक छोटंसं ऑपरेशन करून पडद्यांत बारीक नळ्या बसवल्या. मधल्या काळात दीप्ती जात राहिली. समोर बसून, चेहरा दाखवून, एकेक शब्द सावकाश कसा बोलायचा ते तिनं नीलिमाला आणि काकूंना शिकवलं. आता ती शिकाऊ नव्हती, पण तिनं लॅरिसाकडून मला मागून घेतलं होतं. अडलं तर विचारता येतं, म्हणाली.

ऑपरेशननंतरच्या भेटीला मी तिच्या कानात होतो. शोभाकाकूंची परत जायची वेळ जवळ आली होती, स्वयंपाकघरात लाडूंचे डबे भरणं चाललं होतं. ऊर्मी पलीकडे दिवाणखान्यात, आमच्याकडे पाठ करून, बाहुलीला बूट घालत होती. काकू नीलिमाच्या जवळ सरकल्या आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "वाढलीत बघ हिची नखं. झोपली की कापून टाकू."

दिवाणखान्यातून आवाज आला, "नको!"

आम्ही सगळे वळलो. ऊर्मी उठून उभी होती. दोन्ही मुठी घट्ट आवळून पाठीमागे लपवलेल्या, आणि तोंडानं चाललेलं, "नख नको! आजी, नख नको!"

तिला कोणी विचारलं नव्हतं. तिला कोणी ते सांगितलंही नव्हतं. तिच्यापासून चोरून बोललेलं तिनं ऐकलं होतं. नीलिमा हसता हसता ओट्याला टेकली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. शोभाकाकूंनी दीप्तीचे दोन्ही हात लाडवाच्या हातांनी धरले. "नाही कापणार गं बाई, नाही कापणार," असं त्या ऊर्मीला सांगत होत्या, पण हात काही दीप्तीचे सोडत नव्हत्या. लॅरिसा माझ्यातून ओरडत होती, "व्हॉट डिड शी से? व्हॉट डिड शी से?" दीप्तीला बोलता येईना. मला येत होतं, पण माझं कोण ऐकतो!

आता माझे दिवस भरत आलेत. चार्जिंग एका भेटीलाही पुरत नाही. खरखर वाढलीय. संस्थेनं नवे, हरभऱ्याच्या दाण्याएवढे इअरपीस मागवलेत आणि मी दीप्तीच्या टेबलाच्या खणात पेनांबरोबर पडून असतो. तक्रार नाही. तिला आता दुसऱ्यांच्या कानात बोलावं लागतं, ती शिकवायला लागली आहे.

जाण्याआधी एवढंच मागतो. तुमच्या घरात लहान मूल असेल, तर एकदा त्याच्या मागे उभे राहा. टाळी वाजवू नका, पाय आपटू नका. नेहमीच्या आवाजात नुसती हाक मारा आणि जरा थांबा. ते वळलं तर त्याला उचलून घ्या. नाही वळलं तर पुन्हा एकदा हाक मारून बघा. तरी नाही वळलं, तर कृपा करून त्याच्यावर ओरडू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या.